चापटीचा आवाज

ऑक्टोपॅडच्या आठ चौकोनांतला
खालचा, डावीकडचा:
त्यात चापट आहे.
बाकी सात नंतर सांगतो.

दिवाळी सरली की वडशाहून कंपनीची गाडी येते,
मग होळीपर्यंत मी घरचा नाही.
धान निघालेल्या बांधीत मंडप,
बुडाखाली तणस, डोक्यावर थंडी,
साडेदहाचं नाटक बाराला सुरू
आणि कोंबडं आरवेपर्यंत मी
स्टेजपुढच्या खड्ड्यात,
ऑर्गनवाल्या बिसनमामाच्या गुडघ्याला गुडघा लावून.

बाप दंडारीत ढोलकी वाजवायचा.
मला त्यानं टाळ दिला, म्हणाला,
"दोन सालं नुसता आयक."
मी टाळसुद्धा जपूनच वाजवला.
मग खंजेरी, भजनमंडळाची.
मग बँडपार्टीत साइड ड्रम,
टोपी नाकावर यायची.
चौदा एप्रिलला ढोलक,
उरुसाला कव्वालीमागे नाल,
आणि नागपुराहून बसच्या टपावर बांधून आणलेला
हा आठ घरांचा डबा.

लोक म्हणतात, डोमा निकुरे सप्पा वाजवते.
छे गा.
मी त्या त्या ठिकाणचा कान उसना घेतो, एवढंच.
भजनात एक म्हातारी असतेच,
तिची टाळी मागं पडते.
सगळे तिला ओढतात, मी तिच्याकडे जातो;
तिनं ती ओळ जास्त वर्षं म्हटलेली असते.
वरातीत मी नवरदेवाकडे पाहत नाही,
घोड्याच्या कानांकडे पाहतो.
कान मागं गेले की हात हलका.
बुजल्यावर पडतो नवरदेव, पण नाव बँडचं निघतं.

कुरखेड्याकडे एकदा जनरेटर बसला.
मिट्ट काळोख, दोन हजार माणूस.
चाळीस मिनिटं हलगी वाजवली,
शेकोटीवर तापवत, पुन्हा वाजवत.
कुठंतरी एक लेकरू रडत होतं.
मी त्याच्या रडण्याच्या खालून खालून गेलो.
ते निजलं, तेव्हा लाइट आली.
कोणी टाळी दिली नाही. बरं वाटलं.

आता चापट.
हात गालापासून चार बोटं लांब थांबतो.
मी आधी वाजवली तर मंडप हसतो,
उशिरा वाजवली तर शिट्ट्या.
हात त्याचा, गाल तिचा, आवाज माझा;
तिघं एका क्षणी भेटले
तर मागच्या रांगेतली बाई पदर तोंडाला लावते.

त्या साली खलनायक मोहाची पिऊन उभा होता.
विंगेत काहीतरी झालं होतं त्याचं अन् कुंदाचं.
तिसऱ्या अंकात हात आला
आणि चार बोटांवर थांबला नाही.
खालून मला सगळं दिसतं.
तिचा झुमका उडाला, माझ्या पायाशी पडला.
काडी माझी वर गेलेली.
ती मी वरच ठेवली.

खऱ्या चापटीचा आवाज, पोट्ट्या,
वाळकी शेंग तडकावी एवढाच.
मागं पोचलाही नाही.
"आवाज कोटी गेला बे?" कोणी तरी ओरडलं,
मंडप खदखदून हसला.
तो माझ्याकडे पाहत राहिला, पुढचं वाक्य विसरून.
नेहमी मी अशा वेळी खर्जात घुमवतो,
लोकांना वाटतं, आता काहीतरी होणार.
त्या दिवशी घुमवलं नाही.
बिसनमामानंही ऑर्गनवरून बोटं उचलली.

मालकानं दोनशे कापले.
"चुकलास तू."
म्हटलं, "हो जी, चुकलो."

दुसऱ्या रात्री दुसरं गाव, नाटक तेच.
मेकअपच्या खोलीत झुमका द्यायला गेलो.
कुंदानं आरशातूनच
स्वतःच्या गालापाशी चार बोटं धरून दाखवली.
मी मान हलवली.
चापट त्या रात्री बरोब्बर बसली.
टाळ्या खलनायकाला पडल्या.

बाकी सात उद्या.
आधी त्या वायरी गुंडाळ,
दव पडायला लागलं.